राज्याचा पैसा राज्याबाहेर का? रेझरबॅक्सच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
विश्वस्त मंडळ, अर्कान्सास विद्यापीठ प्रणाली
आणि क्रीडा संचालक, अर्कान्सास विद्यापीठ, फेएटव्हिल

महोदय,

ऑगस्ट २०२५ मध्ये साउथईस्टर्न कॉन्फरन्सने, म्हणजे आपला फुटबॉल संघ विद्यापीठांच्या ज्या गटात खेळतो त्या एसईसीने, ठरवलं की २०२६ च्या हंगामापासून प्रत्येक संघ कॉन्फरन्समध्ये आठऐवजी नऊ सामने खेळेल. शिवाय एक सामना बिग टेन, एसीसी किंवा बिग ट्वेल्व्ह या इतर बड्या कॉन्फरन्समधल्या संघाशी नाहीतर नोत्र दाम विद्यापीठाशी खेळावाच लागेल. हंगाम पूर्वीसारखाच बारा सामन्यांचा आहे. त्यामुळे फेएटव्हिलच्या संघाला, म्हणजे रेझरबॅक्सना, आपल्या मर्जीने भरता येतील अशा जागा तीनवरून दोनवर आल्या. पुढच्या हंगामांतल्या या दोन जागा कुणाला द्यायच्या, हे आपण ठरवणार आहात. हे पत्र त्याच दोन जागांबद्दल आहे.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बड्या संघाने छोट्या संघाशी खेळावं की नाही, या वादात आम्हाला पडायचं नाही. आपण दरवर्षी खेळताच. आमचा आक्षेप आहे तो पाहुण्याच्या निवडीला. खेळायला येण्याबद्दल ठरलेली हमी रक्कम देऊन बोलावलेला संघ अलाबामातून येतो, नॉर्थ कॅरोलिनातून येतो. आणि जोन्सबरो, कॉन्वे, पाइन ब्लफ इथल्या, याच राज्याच्या विद्यापीठांचे संघ तेवढ्याच रकमेसाठी ओहायो, मिशिगन, ओक्लाहोमा पालथं घालतात. हे थांबायला हवं.

आम्ही कोण, तेही थोडक्यात. वॉलमार्टच्या मुख्यालयामुळे बेंटनव्हिल-रॉजर्स परिसरात स्थिरावलेली, या राज्यात कर भरणारी मराठी कुटुंबं. आमच्या ओळखीपाळखीतली मुलं जोन्सबरो आणि कॉन्वेच्या विद्यापीठांत पदव्युत्तर शिक्षणासाठी येतात. त्यांच्या फीच्या बिलात दर क्रेडिटमागे क्रीडा शुल्काची एक ओळ असते. ज्याने फुटबॉलचा चेंडू जवळून पाहिलेला नाही, त्यालाही ती चुकत नाही. छोट्या विद्यापीठांचा क्रीडा विभाग तिकिटांवर चालत नाही. तो विद्यार्थ्यांचं शुल्क, विद्यापीठाचं अनुदान आणि हमीच्या सामन्यांचा पैसा, या तिन्हींवर चालतो. तिसरा आटला की भार पहिल्या दोहोंवर येतो. नाशिक-सांगलीत कर्ज काढून फी भरणाऱ्या आईवडिलांना ती ओळ कशाची, हे कळावं म्हणून पत्र मराठीत लिहिलं आहे.

त्यांच्यासाठी एवढी माहिती पुरे. कॉलेज फुटबॉलच्या सर्वोच्च विभागात, म्हणजे डिव्हिजन वनमध्ये, दोन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीला एफबीएस म्हणतात. तिथे आपण आहात आणि जोन्सबरोचं अर्कान्सास स्टेटही आहे, पण ते सन बेल्टसारख्या कमी पैशाच्या कॉन्फरन्समध्ये. खालची पायरी एफसीएस. तिथे कॉन्वेचं सेंट्रल अर्कान्सास आणि पाइन ब्लफचं यूएपीबी, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ अर्कान्सास अॅट पाइन ब्लफ. गेली कित्येक वर्षं वरच्या संघाला ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या देता येत होत्या. खालच्याला ६३, आणि त्याही तुकडे करून अनेकांत वाटलेल्या. बडा संघ छोट्याला आपल्या मैदानावर बोलावतो, परतीचा सामना नसतो, आणि त्या बदल्यात ठरलेली रक्कम देतो. एफसीएस संघाला साधारण चार ते सात लाख डॉलर मिळतात. सन बेल्टच्या पातळीच्या संघाला दहा लाखांच्या वर.

आता आपला इतिहास. १९४४ नंतर थेट २०२१ पर्यंत रेझरबॅक्स राज्यातल्या एकाही विद्यापीठाशी फुटबॉल खेळले नाहीत. फ्रँक ब्रॉइल्स १९५८ ते १९७६ कोच होते आणि २००७ पर्यंत क्रीडा संचालक. त्यांच्या हयातीत ही प्रथा कायद्याइतकी पक्की झाली. कारण असं सांगितलं जाई की राज्यात मोठ्या स्तरावरचा एकही व्यावसायिक संघ नाही, लोकसंख्या थोडी, तेव्हा सगळ्या राज्याने एकाच संघामागे उभं राहावं. एखाद्या दुपारी जोन्सबरोकडून हरलो तर शाळांमधले चांगले खेळाडूही वाटले जातील आणि देणगीदारही. त्या काळासाठी हे कारण अगदीच पोकळ नव्हतं, असं आम्ही मानतो. पण २३ ऑक्टोबर २०२१ रोजी राजधानी लिटल रॉकच्या वॉर मेमोरियल स्टेडियमवर आपण यूएपीबीशी खेळलात आणि ४५-३ ने जिंकलात. २०२४ ची सुरुवातही त्यांच्याशीच झाली. ६ सप्टेंबर २०२५ रोजी त्याच मैदानावर अर्कान्सास स्टेटशी इतिहासातला पहिला सामना झाला, ५६-१४. राज्य दुभंगलं नाही. जोन्सबरोच्या घरांत आजही दोन्ही संघांच्या टोप्या एकाच खुंटीवर असतात. जुनी भिंत पाडण्याचं श्रेय आपल्याला मनापासून देतो.

भिंत पडली, पण धोरण झालं नाही. ही आमची पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार.

गेल्या काही हंगामांत एफसीएसची जागा आपण कुणाला दिलीत, ते पाहा. २०२२ मध्ये मिझुरी स्टेट. २०२३ मध्ये वेस्टर्न कॅरोलिना, तोही लिटल रॉकमध्ये, म्हणजे कॉन्वेपासून पन्नासेक किलोमीटरवर. २०२४ मध्ये यूएपीबी. २०२५ मध्ये अलाबामा ए अँड एम, ज्याचं गाव हंट्सव्हिल फेएटव्हिलपासून सुमारे ८०० किलोमीटर दूर. चारपैकी तीन वेळा पैसा राज्याबाहेर गेला. सेंट्रल अर्कान्सासला या काळात एकदाही बोलावणं नाही.

आता आपल्याच कॉन्फरन्समधले शेजारी. टेनेसीने २०२१ मध्ये टेनेसी टेक, २०२२ मध्ये यूटी मार्टिन, २०२३ मध्ये ऑस्टिन पी, २०२४ मध्ये चॅटानूगा आणि २०२५ मध्ये ईस्ट टेनेसी स्टेट यांना बोलावलं. पाच हंगाम, पाच वेगवेगळे संघ, पाचही टेनेसीचे. साउथ कॅरोलिनाने २०२२ पासून ओळीने साउथ कॅरोलिना स्टेट, फर्मन, वॉफर्ड आणि पुन्हा साउथ कॅरोलिना स्टेट असे चारही पाहुणे राज्यातले घेतले, आणि वर राज्यातल्याच क्लेम्सनशी दरवर्षीची झुंज आहेच. लुइझियाना स्टेटने, म्हणजे एलएसयूने, २०१८ पासून, कोविडचं वर्ष सोडलं तर, ही जागा एकदाही राज्याबाहेर जाऊ दिली नाही: साउथईस्टर्न लुइझियाना, नॉर्थवेस्टर्न स्टेट, मॅकनीज, सदर्न, ग्रॅम्बलिंग, निकल्स, पुन्हा साउथईस्टर्न लुइझियाना. सदर्न आणि एलएसयू एकाच बॅटन रूज शहरातली विद्यापीठं. तरी त्यांचा पहिला सामना व्हायला १० सप्टेंबर २०२२ उजाडावा लागला. एलएसयूने तो ६५-१७ असा सहज जिंकला, आणि त्याच हंगामात अलाबामाला हरवून आपल्या विभागाचं विजेतेपदही मिळवलं. राज्यातल्या दुबळ्या संघाशी खेळल्याने त्यांचं काय बिघडलं?

राष्ट्रीय विजेता ठरवणाऱ्या प्लेऑफच्या निवड समितीची भीती इथे कामाची नाही. बारा संघांच्या प्लेऑफमुळे वेळापत्रकाच्या कठीणपणाला महत्त्व आलं आहे, हे खरं. पण तो कठीणपणा नऊ एसईसी सामने आणि एका बड्या पाहुण्यातून येतो. शेवटच्या जागेवर अलाबामा ए अँड एम असो की सेंट्रल अर्कान्सास, समितीच्या लेखी दोन्ही सारखेच.

दुसरी तक्रार हरण्याच्या भीतीबद्दल. राज्यातल्या संघाकडून हरलो तर नाक कापलं जाईल, ही भावना आजही आपल्या निर्णयांमागे आहे असं आम्हाला वाटतं. पण परक्यांकडून हरणं आपण टाळू शकला आहात का? १९९२ मध्ये एसईसीतल्या पहिल्या हंगामाचा पहिलाच सामना फेएटव्हिलमध्ये साउथ कॅरोलिनातल्या द सिटाडेलने १०-३ ने जिंकला आणि दुसऱ्या दिवशी जॅक क्रो यांचं कोचपद गेलं. २०१२ मध्ये देशात आठव्या क्रमांकावर असताना लुइझियाना-मन्रोने लिटल रॉकमध्ये जादा वेळेत ३४-३१ ने हरवलं. २०१५ मध्ये तिथेच टोलीडोने १६-१२. मग नॉर्थ टेक्सस, सॅन होजे स्टेट, वेस्टर्न केंटकी, २०२२ मध्ये लिबर्टी. हे सगळे पाहुणे हमी रक्कम घेऊन आले, जिंकले, आणि पैसा व मान दोन्ही घेऊन आपल्या राज्यात परतले. त्यातला एखादा विजय जोन्सबरोच्या वाट्याला आला असता तर निदान पैसा तरी अर्कान्सासमध्ये राहिला असता. साउथ कॅरोलिना २०१५ मध्ये त्याच सिटाडेलकडून घरच्या मैदानावर २३-२२ ने हरली. त्यानंतर त्यांनी राज्यातल्या संघांना दार बंद केलं नाही. आयोवा स्टेटही २०१३ आणि २०१६ मध्ये आपल्याच राज्यातल्या नॉर्दर्न आयोवाकडून हरली आहे, आणि ही मालिकाही तिथे संपली नाही.

अर्कान्सास स्टेटकडे जरा नीट पाहा. हा संघ २०२२ मध्ये ओहायो स्टेटकडे गेला, २०२३ मध्ये ओक्लाहोमाकडे, तिथे ७३-० ने हरला, आणि २०२४ मध्ये त्या वेळच्या राष्ट्रीय विजेत्या मिशिगनकडे, तिथे २८-१८ अशी चांगली लढत दिली. एवढ्या लांब गेले ते अंदाजपत्रकाचा खड्डा बुजवायला. जोन्सबरोहून लिटल रॉक बसने दोन-सव्वादोन तासांवर आहे.

प्रवासाच्या हिशोबाकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही, म्हणून तो मांडतो. एफसीएस संघाबरोबर खेळाडू, कोच, डॉक्टर-ट्रेनर, व्यवस्थापक धरून शंभर-सव्वाशे माणसं निघतात. कॉन्वेहून फेएटव्हिलला तीन-चार बस आणि सामानाचा एक ट्रक पुरतो. रात्रीचा सामना असेल तर हॉटेलचा मुक्कामही टाळता येतो. तोच संघ हजार किलोमीटरवर गेला तर चार्टर विमान लागतं, ज्याचं भाडं सहज एक लाख डॉलरच्या पुढे जातं. वर दोन रात्रींचं हॉटेल आणि तिथल्या बस. कागदावरची हमी दोन्हीकडे सारखी असली तरी हातात उरणारी रक्कम सारखी नसते. आपण एक डॉलरही जास्त न देता, निव्वळ पाहुणा बदलून, राज्यातल्या विद्यापीठाच्या तिजोरीत लाखभर डॉलर जादा टाकू शकता. शिवाय त्यांचे प्रेक्षक गाडी काढून येतील, तिकीट काढतील, दोन वेळा जेवतील. ८०० किलोमीटरवरून किती जण येणार?

यूएपीबीबाबत एक गोष्ट वेगळी. १८७३ मध्ये स्थापन झालेलं हे कृष्णवर्णीयांचं ऐतिहासिक विद्यापीठ १९७२ पासून आपल्याच प्रणालीत आहे. म्हणजे फेएटव्हिलचा ताळेबंद आणि पाइन ब्लफचा ताळेबंद एकाच विश्वस्त मंडळासमोर येतात. सप्टेंबर २०२३ मध्ये संघराज्याच्या शिक्षण आणि कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी राज्यपालांना पत्र लिहून कळवलं की जमीन-अनुदान विद्यापीठ, म्हणजे शेती-तंत्रशिक्षणासाठी सरकारी मदत मिळणारं विद्यापीठ, म्हणून यूएपीबीला तीन दशकांत सुमारे ३३ कोटी डॉलर कमी मिळाले. फुटबॉलच्या एका सामन्याने ती तूट भरून निघणार नाही, हे आम्हीही जाणतो. पण तीच तूट डोळ्यांसमोर असताना हमीची रक्कम हंट्सव्हिलला पाठवण्याचं समर्थन विश्वस्त मंडळ कसं करणार?

त्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेली खेळाडूंच्या मोबदल्याबद्दलच्या हाउस खटल्यातली तडजोड. माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे आहेत. कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था एनसीएए आपला भार दहा वर्षांत फेडताना डिव्हिजन वनमधल्या सगळ्या विद्यापीठांचं वार्षिक वाटप कापणार. खटल्यात प्रतिवादी होती एनसीएए आणि पाच बड्या कॉन्फरन्स, त्यांत एसईसी. सन बेल्ट नव्हती, यूएपीबीची साउथवेस्टर्न अॅथलेटिक कॉन्फरन्स नव्हती. कात्री मात्र त्यांच्याही पैशाला लागली. आणि त्याच तडजोडीने आपल्याला पहिल्या वर्षी खेळाडूंना २.०५ कोटी डॉलरपर्यंत थेट वाटा देण्याची मुभा मिळाली. वर ज्यांचं आहे ते वाढलं, खाली ज्यांचं होतं त्यातून कापलं गेलं. अशा वेळी दोन मोकळ्या जागा हाच राज्यातल्या छोट्या विद्यापीठांना हात देण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे.

आता आमच्या मागणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप. २०२१ मध्ये यूएपीबीविरुद्ध मध्यंतरालाच ४५-० होतं. २०२४ चा निकाल ७०-०. असे सामने खेळाडूंच्या अंगावर बेततात, हे खरंच आहे आणि ते झाकायचं कारण नाही. त्याची कारणं मैदानावरचीच आहेत. एसईसीचा संघ बचावाच्या पुढच्या फळीत आठ-दहा धिप्पाड गडी आलटून पालटून उतरवतो. एफसीएस संघाकडे त्या तोडीचे चार-पाच. पहिल्या पंचवीस-तीस चालींपर्यंत थकव्यातला फरक जाणवत नाही. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत, म्हणजे सामन्याच्या चार भागांतल्या तिसऱ्या भागापर्यंत, पाय जड होतात, पकड सुटते, आणि गुडघ्याच्या, घोट्याच्या दुखापती नेमक्या तेव्हा होतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला अर्कान्सासचं दमट ऊन, त्यात कृत्रिम गवत आणि सकाळी अकराची सुरुवात असेल तर आणखी वाईट. बडा संघ दुसऱ्या-तिसऱ्या फळीतले खेळाडू उतरवतो, पण तेही शिष्यवृत्तीवाले, ताजेतवाने आणि कोचच्या नजरेत भरायला उतावीळ. धावफलक थांबत नाही. छोट्या संघाचे पुढच्या फळीतले दोन टॅकल जायबंदी झाले की हमीचा धनादेश येतो, आणि ऑक्टोबरमधला कॉन्फरन्सचा हंगाम मात्र हातचा जातो.

जॉर्जियातल्या छोट्या सवाना स्टेटचं काय झालं ते सर्वांनी पाहिलं. २०१२ मध्ये ओक्लाहोमा स्टेटकडून ८४-०, पुढच्याच आठवड्यात फ्लोरिडा स्टेटकडून ५५-०, तोही सामना वादळामुळे अर्धवट थांबला म्हणून. २०१३ मध्ये मायामीकडून ७७-७. २०१९ मध्ये ते विद्यापीठ खालच्या डिव्हिजन टूमध्ये परतलं. फक्त पैशासाठी झेपत नसलेले सामने घेत राहिलं की असं होतं. म्हणून यूएपीबीला दरवर्षी बोलवा, असं आम्ही म्हणत नाही. झेपेल तेवढ्यांदा बोलवा आणि खेळाडूंची काळजी करारातच लिहा. एनसीएएचे नियम आड येत नाहीत. दोन्ही मुख्य कोच आणि पंच यांची संमती असेल तर उरलेली क्वार्टर्स लहान करता येतात. मायामीच्या त्या सामन्यात चौथं क्वार्टर बारा मिनिटांचं केलं होतं.

सेंट्रल अर्कान्सासची गोष्ट निराळी आहे. या संघाने २०१६ मध्ये जोन्सबरोला जाऊन अर्कान्सास स्टेटला २८-२३ ने हरवलं आणि २०२४ मध्ये तिथे फक्त तीन गुणांनी, ३४-३१, हरला. तो रेझरबॅक्सना हरवेल असं नाही, पण चौथ्या क्वार्टरपर्यंत उभा राहील. एफसीएसच्या जागेवर पहिला हक्क त्याचा असायला हवा. तो आपल्या प्रणालीतला नाही म्हणून बाजूला पडला असेल तर ते कारण आता संपलं, कारण अर्कान्सास स्टेटही आपल्या प्रणालीत नाही आणि त्यांच्याशी आपण खेळला आहात.

वेळापत्रकाचं गणित काय सांगतं? ज्या वर्षी एसईसीचे पाच सामने घरी, त्या वर्षी बड्या पाहुण्याशी सामना बाहेर. ज्या वर्षी चार घरी, त्या वर्षी तो पाहुणा आपल्याकडे. असं जुळवलं तरच दरवर्षी सात घरचे सामने भरतात, आणि तेही दोन्ही मोकळ्या जागा घरीच खेळल्या तर. म्हणून जोन्सबरो किंवा कॉन्वेला परतीचा सामना द्या, अशी मागणी आम्ही करत नाही. ती ऐकायला बरी वाटते, पण पाळता येणार नाही. लिटल रॉक मात्र शक्य आहे. तिथला सामना आपलाच घरचा धरला जातो. फक्त फेएटव्हिलच्या हंगामी तिकिटातला एक सामना कमी होतो, आणि तेवढा दर त्या वर्षी कमी करणं रास्त ठरेल. दोन्ही जागा एफसीएसला देता येणार नाहीत, हेही लक्षात आहे: हंगामानंतरच्या बोल सामन्यासाठी लागणाऱ्या सहा विजयांत एफसीएसवरचा एकच विजय धरला जातो.

हे सगळं लक्षात घेऊन आमच्या मागण्या अशा आहेत.

१. आधी सह्या झालेले करार मोडू नका. पण यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांसाठी विश्वस्त मंडळाने लेखी धोरण मंजूर करावं. सहा हंगामांत बारा मोकळ्या जागा येतात. त्यांतल्या चार सेंट्रल अर्कान्सासला, दोन यूएपीबीला आणि तीन अर्कान्सास स्टेटला द्याव्यात. उरलेल्या तीन आपण हव्या त्या संघाला द्या.

२. हमी रक्कम त्याच वर्षी एसईसीतले इतर संघ त्या पातळीच्या पाहुण्याला देतात त्यापेक्षा कमी नसावी. जवळचा म्हणून स्वस्तात, हे नको. आपल्याच प्रणालीतलं म्हणून यूएपीबीला तर मुळीच नको.

३. सामने पहिल्या तीन शनिवारांत घ्यावेत. नोव्हेंबरमध्ये एसईसीच्या संघांना सोपा सामना हवा असतो, पण एफसीएसचं २४ संघांचं प्लेऑफ थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात सुरू होतं, आणि सेंट्रल अर्कान्सासला त्याआधी मार परवडणार नाही. २०२६ पासून एफसीएस संघांनाही दरवर्षी बारा सामने खेळता येणार असल्याने त्यांच्याकडे सुरुवातीला जागा आहे.

४. सप्टेंबरचे सामने संध्याकाळी सहानंतर सुरू व्हावेत आणि प्रक्षेपण करणाऱ्या वाहिनीकडे आपण तसा आग्रह धरावा. मध्यंतराला फरक ३५ गुणांच्या वर असेल तर उरलेली दोन क्वार्टर्स दहा-दहा मिनिटांची करण्याची तयारी दोन्ही कोचनी आधीच लेखी द्यावी.

५. करार रद्द केला तर पूर्ण रक्कम भरपाई म्हणून मिळावी, आणि त्याचं कारण कॉन्फरन्सने वेळापत्रक बदलणं हे असलं तरी मिळावी. २०२० मध्ये एसईसीने फक्त आपापसात दहा सामने खेळायचं ठरवलं आणि हमीवर विसंबलेल्या छोट्या विद्यापीठांची अंदाजपत्रकं एका निर्णयात कोसळली. अनपेक्षित आपत्तीचं कलम इतकं सैल पुन्हा लिहू नका.

६. यूएपीबीच्या मार्चिंग बँडच्या बस आणि जेवणाचा खर्च यजमानाने उचलावा आणि मध्यंतरातली त्यांची वेळ कापू नये. त्या बँडसाठी कितीतरी लोक तिकीट काढून येतात.

७. अर्कान्सास स्टेटशी होणाऱ्या सामन्यांपैकी निदान एक आड एक लिटल रॉकमध्ये व्हावा. त्यात पाहुण्यांना नेहमीपेक्षा जास्त तिकिटं द्यावीत आणि दोन्ही विद्यापीठांच्या विद्यार्थ्यांसाठी एकच, परवडेल असा दर ठेवावा.

खेळाडू पळवले जातील, अशी भीती छोट्या विद्यापीठांच्या कोचना वाटते आणि ती रास्त आहे. एप्रिल २०२४ पासून खेळाडूला कितीही वेळा विद्यापीठ बदलून लगेच खेळता येतं. सामन्याच्या निमित्ताने त्यांच्या खेळाडूंशी आपल्या कोणीही संपर्क साधणार नाही, एवढी हमी करारात एका ओळीत देता येईल. नियम तसाही तोच आहे.

अर्कान्सासचा माहिती अधिकाराचा कायदा १९६७ पासून आहे आणि आपल्या मंडळाच्या बैठका त्याखाली खुल्या असतात. या मागण्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्याव्यात. गेल्या दहा हंगामांत पाहुण्या संघांना दिलेल्या हमी रकमांची वर्षवार यादी त्या बैठकीपूर्वी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर टाकावी, म्हणजे कोणत्या राज्यात किती पैसा गेला हे फी भरणाऱ्या प्रत्येकाला मोजता येईल. आपलं लेखी उत्तर आम्ही इंग्रजीत आणि मराठीत, जसंच्या तसं, प्रसिद्ध करू.

आपले,
अर्कान्सासमधील काही मराठी रहिवासी आणि पालक